बाटल्यांची रांग

शेवटी गॅसची गाडी आली. पण ते राहू द्या. गाडी आलीच नाही असं धरून चाला, कारण त्या दिवसांत केफ गावात सगळे तसंच धरून चालले होते.

लझहरच्या दुकानासमोर भिंतीला लागून बाटल्या उभ्या होत्या. बाटली म्हणजे गॅसची. दुसऱ्या बाटलीची रांग गावाच्या पार पलीकडच्या टोकाला लागते आणि तिथे सख्खा भाऊही ओळख देत नाही. इथे उलट होतं. बाटल्या नंबर धरून उभ्या राहायच्या आणि माणसं समोरच्या उन्हात बसून एकमेकांच्या घरातलं सगळं काढायची. संध्याकाळी बाटल्या आपापल्या घरी जायच्या, कारण थंडीच्या दिवसांत चोरालाही चहा लागतो.

लोक बाटली खांद्यावर टाकून आणत, नाहीतर पायाने लोळवत. सी तिजानी, म्हणजे तिजानीराव, मात्र आपली बाटली बाबागाडीत घालून आणायचा, ढकलत, धापा टाकत.

"काय सी तिजानी, नातू झोपला का?" हम्मा विचारायचा. हम्मा वडाप चालवायचा आणि सध्या तेही सोडून रांगेत बसायचा.

"झोपलाय. ओरडू नकोस."

तिजानी नगरपालिकेतून निवृत्त झाला होता. जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर शिक्के मारायचा. बायको गेली तेव्हा तिच्या दाखल्यावरचा शिक्काही त्यानेच मारला. शिक्का सरळ उमटला. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर घरात बोलणारा एक रेडिओ उरला होता, पण त्याला उत्तर ऐकायची सवय नव्हती. टंचाई सुरू झाल्यावर माणसं तिजानीशी बोलायला लागली. आधी त्याच्याशी कोण शेवटचं काय बोललं होतं, ते त्यालाही आठवत नव्हतं.

दुपारी जो तो डबा उघडायचा. तिजानीकडे कायम पाव, ऑलिव्ह आणि हरिसाची तिखट चटणी.

"गॅसवाचून माणसाचे काय हाल झालेत बघा," खालती मब्रूका म्हणायची. खालती म्हणजे मावशी; ती साऱ्या गल्लीची मावशी होती. "घ्या, रस्सा घ्या. कोळशाच्या शेगडीवर केलाय, धूर लागलाय, नावं ठेवू नका."

"मीठ जरा..." तिजानी चाखून म्हणायचा.

"घरी नावं ठेवायला कोणी नाही म्हणून इथे येतात होय!"

तिजानी हसायचा. हसू यायला थोडा वेळ लागायचा, वापरात नव्हतं.

एका सकाळी वारा सुटला. बाटल्या धडाधड आडव्या झाल्या आणि घणघणत उतारावरून निघाल्या. अख्खी रांग आपापल्या बाटलीमागे धावली. तिजानीची जागची हलली नाही.

"सरकारी नोकरीतली दिसते," हम्मा धापा टाकत म्हणाला. "काहीही होवो, जागा सोडत नाही!"

रांगेत कोणी नवं आलं की तिजानी उठायचा. "तुमच्या घरी लेकरं आहेत, माझ्यापुढे लावा." त्यामुळे तो कायम शेवटचा असायचा. असा माणूस आता होत नाही, असं लोक त्याच्या देखतच म्हणायचे. संध्याकाळी सगळे गाडीला शिव्या देत उठले की तिजानी प्रत्येकाला विचारायचा, "उद्या येताय ना?"

"न येऊन जातो कुठे," लझहर शटर ओढता ओढता म्हणायचा.

मग गाडी आली.

आरडाओरडा झाला, बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या, लग्नघरात मारतात तशा. हम्माने लझहरचा मुका घेतला. तिजानीनेही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या संपल्यावर. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, निघायचं. माणसं खांद्यावर बाटल्या घेऊन झपाझप चालायला लागली. उद्याचं कोणी कोणाला विचारलं नाही.

शेवटी गाडीवर एक बाटली उरली आणि भिंतीशी दोन: मब्रूकाची आणि तिजानीची.

"खालती, तुम्ही घ्या," तिजानी घाईने म्हणाला.

"मुळीच नाही! सगळ्या गावाला पुढे सोडलंत. ही तुमची."

"मला थंडी लागत नाही."

"ओठ निळे पडलेत आणि म्हणे थंडी लागत नाही. मी शेगडीवर भागवीन."

"नको म्हणतो ना, खालती! मी गाडी पुन्हा यायची वाट पाहीन. मला वेळ आहे."

हम्मा कोपऱ्यावरून वळून बघत होता. त्याने बाटली खाली ठेवली. "अरे, इकडे या सगळे! बघा, याला म्हणतात माणूस! आपण निघालो आपलं भरून घेऊन, आणि हा अजूनही दुसऱ्यालाच देतोय!"

माणसं परत आली. शरमून आली आणि तिजानीभोवती उभी राहिली. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कोणी मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला. एकाने तर आपली बाटली देऊ केली. तिजानी त्या गर्दीच्या मधोमध उभा होता. किती दिवसांनी त्याच्या कानांना ऊब आली होती.

"आजपासून यांना कोणी शेवटी उभं करायचं नाही," हम्मा म्हणाला. "बाजूला व्हा, मीच देतो बदलून."

"हम्मा, राहू दे."

"तुम्ही बसा हो."

"हम्मा, बाळा, हात लावू नकोस."

हम्मा तिजानीची बाटली, रिकामी उचलतात तशी, एका हाताने झटक्यात उचलायला गेला. हात वर आला. बाटली आली नाही.

त्याने दोन्ही हात लावले. मग खाली ठेवून बोटाने टकटक करून पाहिलं. लझहरने पुढे होऊन टकटक केली. मब्रूकाने रश्श्याचा डबा छातीशी धरला.

तिजानीने कोटाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला आणि कचेरीत टेबलामागे बसून बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "सबब विनंती, की बाटली भरलेली आहे एवढ्याच कारणावरून अर्जदारास रांगेतून कमी करण्यात येऊ नये, आणि सदर रांग पुढील आदेश होईपर्यंत पूर्ववत चालू ठेवावी."