कोकोचा आशीर्वाद

याकोबने कपाटावरची ट्रंक खाली ओढली. "चल, नगरला परत जाऊ. आता इथं कोण येणार प्रार्थनेला?"

गेल्या रविवारी केनियातल्या या मसाई वस्तीची कोको, म्हणजे सगळ्यांची आजी, त्यांच्या तान्ह्या लेकीच्या कपाळावर थुंकली होती. याकोबची बायको सुवार्ता किंचाळली आणि सगळ्यांदेखत तिने ते कपाळ साबणाने खसाखसा धुतलं. थुंकणं म्हणजे इथला आशीर्वाद, हे तिला मागाहून कळलं. तेव्हापासून या मिशनरी जोडप्याच्या दाराशी वस्तीतलं कुणीच फिरकलं नव्हतं.

"ठेव ती वर," सुवार्ता म्हणाली. "लोकांचा आशीर्वाद पुसून टाकून कुठल्या तोंडाने देवाचा सांगणार आहोत?"

लेकीला छातीशी धरून तिने तडक म्हातारीचं खोपट गाठलं आणि दारातच गुडघे टेकले. "कोको, चुकलं माझं," ती मोडक्या स्वाहिलीत म्हणाली. "हिला पुन्हा आशीर्वाद द्या." डोळे घट्ट मिटून तिने लेक पुढे धरली.

म्हातारीने तिला निरखून पाहिलं. "लेकरू हसतंय की! घाबरलीयेस ती तूच," म्हणत ती आधी सुवार्ताच्याच कपाळावर थुंकली.