पैकीच्या पैकी

"ज्या दिवशी माणसाला दुसऱ्याची गरज लागते, त्या दिवशी तो म्हातारा झाला असं समजावं," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले आणि सुनेनं हातात आणून दिलेलं पाणी प्यायले.

दर मंगळवारी घरी येणारी नर्स त्यांचं ब्लडप्रेशर बघायची, पायाची नखं कापायची आणि घरात आता कुणीच ऐकत नसलेले पोस्टातले किस्से मान डोलावत ऐकायची. आज तिनं सहामाही फॉर्म काढला होता.

"आंघोळ?"

"माझी मीच."

"शर्टाची बटणं?"

"मीच लावतो."

"जिना?"

"दोन दोन पायऱ्या. लिहा तसं."

सुनेनं तोंड उघडलं, तसं त्यांनी तिला नजरेनंच गप्प केलं.

नर्सनं बेरीज केली. "पैकीच्या पैकी, आजोबा. अशी तब्येत असल्यावर माझं इथं काय काम? पुढच्या मंगळवारपासून तुमची वेळ दुसऱ्या एका आजींना देते."

पोस्टमास्तरांचं हसू जागच्या जागीच राहिलं. त्यांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. मग सून आत गेल्याची खात्री करून हळूच म्हणाले, "सिस्टर, तेवढा जिना खोडता का?"