वेगळी चूल

संचालक तुर्सुन अकांनी हिरवा चहा ओतला, तो पियाल्याच्या निम्म्यापर्यंतच. मुअत्तरचा जीव भांड्यात पडला. ताश्कंदमध्ये अर्धा पियाला म्हणजे बसा, पुन्हा ओततो. काठोकाठ भरला की पाहुण्यानं ओळखावं आणि निघावं. अकांनी तिला बसवून घेतलं होतं, आणि तिची नेमणूक याच महिन्यात संपत होती.

शेजारी इल्होम खडीसाखर चघळत बसला होता. संस्थेच्या सर्व्हरचा मुख्य पासवर्ड एकट्या त्याच्याकडे. कालव्यांना किती पाणी येणार याचं गणित सगळे त्याच सर्व्हरवर करत. मुअत्तरच्या गणिताला पायथन या संगणकभाषेची नवी आवृत्ती हवी होती. वर्षभर तिनं इल्होमच्या विनवण्या केल्या. त्याचं उत्तर ठरलेलं, "चालतंय ना? मग हात लावायचा नाही."

शेवटी तिनं स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्येच नवं पायथन बसवलं, एकेक सुटा भाग हातानं जुळवत. तिथे कुणाची परवानगी लागत नव्हती. सामायिक स्वयंपाकघरात शिरू देत नाहीत म्हणून आपल्या खोलीत वेगळी चूल मांडावी, तसं. चूल पेटलेली दिसताच जो तो आपलं पातेलं घेऊन आला. आता अख्ख्या संस्थेचं गणित तिच्या फोल्डरवर चालत होतं.

"पोरी, तुझ्यामुळे यंदा अंदाज वेळेवर गेले," तुर्सुन अका म्हणाले. "वरूनही शाबासकी आली."

"मग माझ्या नेमणुकीचं काय झालं, अका?"

त्यांनी किटली उचलली, परत खाली ठेवली. "जागा एकच मंजूर झाली. ती इल्होमच्या विभागाला दिली. सर्व्हरवर नवी आवृत्ती आली ना, ती सांभाळायला माणूस हवा."

"आली नाही, अका. मी आणली."

"ते खरंच," अका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मुअत्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग माझी चूल मी मोडते. फोल्डर माझा आहे, आज पुसून टाकते."

"नाही पुसता येणार," इल्होम म्हणाला. "तुझा पासवर्ड सकाळीच बंद केला. फोल्डरला मात्र धक्का लावलेला नाही, काळजी करू नकोस. सगळ्यांचं काम आहे त्यावर."

"म्हणजे आयत्या बिळावर नागोबा."

"नागोबा कसला? न विचारता बसवलंस तू. मी तक्रार तरी केली का?"

"आणि पुढची आवृत्ती येईल तेव्हा? ती कोण बसवणार? तू?"

इल्होमनं खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तेच सांगणार होतो. जायच्या आधी कसं बसवतात ते नीट लिहून दे. अवघड शब्द नकोत, सोप्या भाषेत."

मुअत्तरनं तुर्सुन अकांकडे पाहिलं. निदान यावर तरी म्हातारा काही बोलेल, असं तिला अजूनही वाटत होतं.

अकांनी किटली उचलली आणि तिचा पियाला भरला, सावकाश, एक थेंबही न सांडता, थेट काठापर्यंत.