मातृभाषेत सांग

"तू जा, तोलिक," पावलीना दारातच म्हणाली. "आमचं आम्ही बघून घेऊ."

तोलिक, म्हणजे परराष्ट्र खात्यातला अनातोल दुब्रोव्हका, तिला बाजूला सारून आत शिरला. बूटही काढले नाहीत त्याने.

"गाडी खाली उभी आहे. अंधारायच्या आत लिथुआनियाची हद्द गाठायची. काझिक, ऊठ."

तिचा नवरा काझिमीर रगोयशा उठला नाही. सगळी हयात परराष्ट्र खात्यात गेलेली. आधी वॉर्सात राजदूत, मग मिन्स्कमध्ये उपमंत्री. गेल्या वर्षी राजीनामा देऊन पठ्ठ्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला आणि घरावर संकट ओढवून बसला. मुलगा मीखास मार्चपासून तुरुंगात होता. आता पाळी बापाची, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"पोराला आत ठेवून पळू?"

"बाहेर गेलास तर त्याच्यासाठी बोंब तरी मारशील. आत जाऊन काय, दोघं मिळून बुद्धिबळ खेळणार?"

पावलीनाने बटाट्याची धिरडी टेबलावर आदळली. "पंचवीस वर्षं साहेबांपुढे मान डोलावलीस. आज एकदम कसा रे पुळका आला? अजून सांगते, तोलिक, घरी जा."

तिचा आवाज कापत होता. काझिमीरने तिच्याकडे रागाने पाहिलं.

"तिचंही खरंच आहे," तो म्हणाला. "रशियनमध्ये काय, शपथा सगळेच घेतात. मातृभाषेत सांग. तू कोणाचा?"

मंत्रालयात बेलारूशी बोलणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. आजीच्या घराबाहेर अनातोलने ती भाषा कधी तोंडातून काढली नव्हती.

तरी तो अडखळत बेलारूशीत बोलू लागला. "मी तुझाच, काझिक. मत तुलाच दिलं. मंत्रालयातले कागद तुझ्यापर्यंत पोचत होते ना, ते मीच पाठवायचो."

"एकटाच?"

"नाही." त्याने आणखी दोन नावं सांगितली. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखा तो हसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

पावलीना मटकन खाली बसली. एप्रनमध्ये तोंड लपवून रडू लागली.

काझिमीरने मित्राला घट्ट मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. मग त्याच्या खांद्यावरून निजायच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत तो रशियनमध्ये, मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत ना? आता माझ्या पोराला सोडा."