थोडंफार

आमच्या लेकीच्या, शाल्मलीच्या रक्तात जंतू पसरले, मूत्रपिंडं थकली, म्हणून यंत्र तिचं रक्त गाळून परत सोडत होतं. मी पाण्याचे फिल्टर विकतो. माझी नजर आधी सांडपाण्याच्या पिशवीवर गेली.

"डॉक्टर, अँटिबायोटिकही यात वाहून जातं का हो?"

"थोडंफार जातं. म्हणून डोस वाढवलाय."

"तेवढा पुरेल?"

"रक्तातली पातळी तपासायला पाठवलीय. तोवर अंदाजच. पण काळजी करू नका."

बायकोला एवढ्यानेही धीर आला. मला नाही. फिल्टरमध्ये पाण्यातले चांगले क्षारही जातात का, असं दुकानात कुणी विचारलं, की मीही याच आवाजात "थोडेफार जातात, ताई" म्हणतो. नेमके किती, ते ठाऊक नसतं, म्हणून लगेच चहा मागवतो.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "यांना जरा चहा सांगा."