पाचवं घर

"चंदा मागायला अर्ज लागतो. वारी मागायला लागतो का रं, गुंडप्पा?"

थोरल्या बहिणीनं, शांताक्कानं, चुलीपुढूनच विचारलं, आणि गुंडप्पा मास्तरांचा घास हातातच राहिला. म्हातारीला सुचतं तरी कसं!

अणदूरच्या शाळेची नऊ पोरं हुतूतू खेळायला सोलापूरला जायची होती. मोटारीच्या भाड्याला पैसा नव्हता. गावात चंदा जमवतो म्हणून मास्तरांनी ठाण्यात अर्ज दिला, तो कालच नामंजूर होऊन आला. निजामाच्या राज्यात चार माणसं जमली तरी सरकारच्या पोटात गोळा यायचा, मग चंदा म्हणजे काय! लपून जमवावा, तर मास्तरांची नोकरी जाणार.

पण आज रविवार. खंडोबाच्या नावानं पाच घरी वारी मागायची, हा गावाचा जुना रिवाज. सावकारही मागतो, सालगडीही मागतो, आणि दाणे घालायला कुणी नाही म्हणत नाही. नऊ पोरं, पाच-पाच घरं. मास्तरांनी मनात पाढा म्हटला आणि घास गिळला.

पोरं कपाळाला भंडारा फासून निघाली. दोन तासांत शाळेच्या ओट्यावर ज्वारीच्या झोळ्या येऊन पडल्या. महालिंगप्पा वाण्याच्या दुकानी घातली की भाडं सुटत होतं. मास्तरांना हसू आवरेना.

तेवढ्यात ठाण्याचा दावल जमादार आला. काखेत गाठोडं, पुढं संघाचा म्होरक्या मल्लिकार्जुन, रडवेल्या तोंडाचा. माल जप्त झाला म्हणायचा! मास्तर चटकन पुढं झाले.

"मास्तर, गावात चंदा चाललाय म्हणं."

"चंदा न्हाय, जमादारसाहेब. खंडोबाची वारी हाय."

"आन् ही जवारी काय खंडोबा खाणार?"

पोरांच्या कपाळाला भंडारा लावून खोटं कसं बोलावं? मास्तरांना लई भ्या वाटलं, तरी खरं तेच तोंडातून गेलं. "न्हाय. पोरं सोलापूरला हुतूतू खेळाया जाणार. त्यांस्नी कायबी करू नका. युक्ती माझी हाय."

जमादारानं ओट्यावरच्या झोळ्या मोजल्या. मग मल्लिकार्जुनकडं वळला.

"किती घरं झाली रे तुझी?"

"चार."

"आन् माझ्या दारावरून पळत सुटलास. आमी मुसलमान खंडोबाला मल्लूखान म्हणतो, म्हणून आमचं घर वगळलं व्हय?"

जमादारानं काखेतलं गाठोडं सोडलं आणि त्यातली आपल्या घरची सगळी ज्वारी मल्लिकार्जुनच्या झोळीत ओतली.

फाटकापर्यंत जाऊन तो थांबला.

"मास्तर, पोरं जिंकून आली तर ही वारी. हारून आली, तर मात्र मी चंदा म्हणून लिहीन."