आधी आपल्या डोळ्यात

लेन्स पुन्हा गालावरून घरंगळली आणि टेबलावर पडली. सहाव्यांदा.

"राहू द्या मावशी," लेन्सवाली म्हणाली. "चष्मा छान दिसतो तुम्हाला."

"दिसण्याचं काय घेऊन बसलीस पोरी! उद्या सकाळच्या आत मला हे जमलंच पाहिजे." मावशी हात धुवायला उठल्या. जाता जाता थबकल्या. "एकदा तुझ्या डोळ्यात घालून बघू का?"

"काहीतरीच काय! माझ्या डोळ्याला हात लावायचा नाही हं."

चष्म्याच्या त्या दुकानात लेन्सवालीचा नियम पक्का होता. तीनदा स्वतःच्या हाताने घालायची, तीनदा काढायची, मगच डबी घरी न्यायची. भल्याभल्यांची तिथे भंबेरी उडायची. पण ही बाई म्हणजे कहरच! साठी उलटलेली, नाकावर चष्मा, आणि मागितली होती बिननंबराची लेन्स. उद्या घरात लग्न असणार, विहिणीपुढे मिरवायचं असणार, असं लेन्सवालीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तयारी मात्र जय्यत होती. नखं पार मुळापर्यंत कापलेली. बोटातली अंगठी घरीच काढून ठेवलेली. शिवाय प्रश्नांची सरबत्ती.

"डोळा घट्ट मिटला तर काय करायचं? रडलं तर वाहून जाते का गं ही?"

"तुम्ही कशाला रडताय?"

"तू सांग तर."

लेन्सवालीने सांगितलं. मावशींनी ते वहीत लिहून घेतलं.

सातव्या खेपेला त्यांनी समोरचा आरसाच बाजूला सारला.

"अहो, आरशाशिवाय कशी घालणार?"

"मला आरशाची सवयच नको."

त्यांनी एका हाताने पापण्या फाकवल्या. दुसऱ्या हाताचं बोट डोळ्याजवळ नेलं. "झालं हं, झालं. शहाणं माझं ते," त्या पुटपुटल्या. लेन्सवालीला हसू आवरेना. स्वतःच्याच डोळ्याचे एवढे लाड! पण लेन्स बसली. डोळा लालबुंद झाला, पाणी घळाघळा वाहू लागलं. मावशींनी हूं की चूं केलं नाही. त्या मोठ्याने आकडे मोजत राहिल्या.

"बारापर्यंत खुपतं. मग थांबतं," त्या म्हणाल्या आणि तेही वहीत लिहिलं.

मग त्यांनी ती तीनदा घातली, तीनदा काढली.

"जिंकलात बाई!" लेन्सवालीने डबी पुढे केली. "एवढी कसली घाई होती? लग्न आहे का घरात?"

"ती डबी राहू दे तुझ्याकडेच." मावशी डोळे पुसत होत्या. "नात आहे मला, पाच महिन्यांची. जन्मतःच मोतीबिंदू. ऑपरेशन झालं. तिच्या लेन्स उद्या हॉस्पिटलातून मिळतील. रोज घरीच घालायच्या, नाहीतर पोरीला दिसायचं नाही. सुनेचे हात कापतात. मुलगा तर नुसतं बघूनच बाहेर पळतो. म्हटलं, मी घालेन. पण तिला किती खुपणार, ते आधी आपल्याला नको कळायला?"

लेन्सवालीला स्वतःचीच लाज वाटली. तिने नवी लेन्स उघडली, आपला चष्मा काढला आणि मावशींच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"हात धुऊन या पुन्हा," ती म्हणाली. "आता माझ्या डोळ्यात घाला. आणि मी काही शहाण्यासारखी बसणार नाही, आधीच सांगून ठेवते."